कातडे गल्लीची कागदी घरं

लिबुशे ओतावोवा टेप घेऊन गल्लीत शिरली की बायका खिडक्या लावून घ्यायच्या. हे १९७४ सालचं. आमच्या लुझनोवच्या खाली कोळसा होता, आणि कोळसा हवा म्हणून अख्खं गाव हलवायचं वर, प्रागमध्ये, ठरलं होतं. चार किलोमीटरवर नवं लुझनोव उभं राहत होतं. आठ-आठ मजल्यांच्या इमारती, सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. जुन्यातलं प्रत्येक घर पाडण्याआधी मोजायचं, त्याची किंमत ठरवायची, कागद वर पाठवायचे. मोजायचं काम लिबुशेचं. ती गेली की वर्ष-दीड वर्षात मागून यंत्रं यायची. त्यामुळे लोकांच्या मनात घर पाडणारी तीच. आमचं घर तिनं मोजलं तेव्हा मी शाळकरी पोर होते. आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, एवढं मला आठवतं.

तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. उंच, हाडकुळी, कानामागे पेन्सिल. खाणीच्या मोजणी कार्यालयात नकाशे काढायला लागली होती. पुढं माणसं कमी पडली म्हणून तिला बाहेर पाठवलं. नवरा ओल्डरझिख, म्हणजे सगळ्यांचा ओल्डा, बस चालवायचा. ओल्डाला एक नाद होता. मुलांच्या मासिकात कापून चिकटवायचे कागदी नमुने यायचे, शर्यतीच्या गाड्या, इंजिनं, जहाजं. मुलांच्याही आधी हा गडी ते मासिक घेऊन यायचा आणि रविवारभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडून बसायचा.

"चाळीस वर्षांचा घोडा झालास," लिबुशे म्हणायची. "जेवायचं कुठं आम्ही? तुझ्या बॉनेटवर?"

"थोडं थांब. चाकं वाळू देत."

कातडे गल्ली ही जुन्या गावातली सगळ्यांत जुनी गल्ली. ओढ्याकाठी पूर्वी कातडी कमावणारे राहायचे, म्हणून ते नाव. तेवीस घरं. खाली दगड, वर लाकडाच्या चौकटी, त्यावर पाटीच्या दगडाची छपरं. चौदा नंबरात पेशकोवाबाई राहायच्या, विधवा, पन्नाशीच्या आसपास, जिभेला धार. लिबुशे दारात उभी राहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "या. सगळ्यांनी दारं लावली असतील. मी लावत नाही. मला बघायचंय तुम्ही काय काय लिहिता ते."

लिबुशे मोजत गेली आणि बाई मागं मागं फिरल्या. खोल्या किती, दारं किती, खिडक्या किती. जिन्याशी आल्यावर बाई म्हणाल्या, "तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा ठेंगणी आहे. तेही लिहा."

"त्याला रकाना नाही हो."

"रकाना नाही म्हणजे? तीस वर्षं होत आली, नवीन माणूस वर चढला की तिथंच अडखळतो. माझा नवरा पहिल्याच दिवशी तोंडावर आपटला. आणि तुमच्याकडे रकाना नाही?"

"पायऱ्यांची संख्या लिहायची असते फक्त."

"मग लिहा संख्या," असं म्हणून बाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. लिबुशेनं लिहिलं: पायऱ्या, चौदा.

हे तिनं घरी ओल्डाला सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं, तो हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "मग तू काढ ना ते घर. गाडी कागदावर उलगडता येते, तर घर का नाही यायचं?"

तिनं खरंच बसून काढलं. कार्यालयात दिलेली मापं तिला पाठ होती. मीटरला तीन सेंटिमीटर धरून चारी भिंती एका ओळीत मांडल्या, छपराचे दोन पाखे, कडांना डिंक लावायच्या जिभा. खिडक्यांच्या चौकटी रंगवल्या. ओल्डानं जाड कागदावर चिकटवून कापलं, सुरीच्या पाठीनं घड्यांच्या रेघा ओढल्या आणि दुमडायला घेतलं. भिंती जुळल्या. छप्पर काही बसेना. एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली.

"तुझं घर तोंड वासून बसलंय," ओल्डा म्हणाला.

"तुझं कापणं वाकडं असेल."

"माझ्या गाड्यांची दारं लागतात, बाईसाहेब. मापं बघ तुझी."

मापांत चूक नव्हती, आणि तीच चूक होती. कार्यालयाची पद्धत अशी की भिंतीचं माप दहा सेंटिमीटरपर्यंत गोल करायचं आणि कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत असं धरायचं. किमतीला तेवढं पुरतं. पण अडीचशे वर्षांचं घर गुण्यात कुठून असणार? ओढ्याच्या बाजूनं जमीन खचते, लाकूड वळतं, कुणीतरी मध्येच एक खोली काढतं. तिनं इतकी वर्षं जी शेकडो घरं मोजली होती, ती सगळी तिनं कागदावर सरळ करून टाकली होती. हे त्या रविवारी तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. असं तिनंच मला पुढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती परत चौदा नंबरात गेली.

"आता काय राहिलं?" पेशकोवाबाई. "किंमत कमी करायची?"

"कोपरे मोजायचेत. या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं. आणि ती तिसरी पायरी."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग एप्रनला हात पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं. "कशाला हवंय, ते विचारत नाही. कॉफी घेणार?"

दोन तिरप्या मापांत अठ्ठावीस सेंटिमीटरचा फरक निघाला. ओळंबा सोडला तर पुढची भिंत एका तळहाताएवढी रस्त्याकडे झुकलेली. आणखीही एक गंमत निघाली. स्वयंपाकघराची भिंत आतून मोजली, बाहेरून मोजली, आणि मध्ये सव्वा मीटर जास्तीचं उरलं. एवढी जाड भिंत कशासाठी?

"मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "आम्ही शेहेचाळीस साली आलो तेव्हापासून ती तशीच आहे."

त्याआधी तिथं कोण राहत होतं, हे आमच्याकडे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. जर्मन राहत होते. युद्धानंतर त्यांना हद्दपार केलं आणि त्यांच्या घरांत आमची माणसं आली. लिबुशेनं त्या भिंतीवर पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढं गेली.

त्यानंतर दीड वर्षात तिनं कातडे गल्लीतली तेवीसच्या तेवीस घरं दोनदा मोजली, एकदा कार्यालयासाठी, एकदा स्वतःसाठी. छप्पर उचललं की आतल्या खोल्या दिसाव्यात, अशी ती घरं काढायची. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, म्हणून ओल्डा बारीक कुंचल्यानं प्रत्येक कड रंगवायचा. शर्यतीच्या गाड्या मागं पडल्या त्या पडल्याच.

शहात्तर साली गल्ली गेली. पेशकोवाबाईंना नव्या लुझनोवात पाचव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी लिबुशे एका खोक्यात चौदा नंबर घालून त्यांच्याकडे गेली. बाईंनी खोकं उघडलं, घर बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं. एकदा त्याच्याभोवती फिरल्या.

मग म्हणाल्या, "मी हे काय करू? टीव्हीवर ठेवू? मेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात तसं? घेऊन जा."

लिबुशे गेली तशीच परत आली. ओल्डानं खोकं बघितलं आणि चहाचं पाणी ठेवलं.

तीन दिवसांनी बाई स्वतः दारात. कोट नाही, टोपी नाही, घरातल्याच चपला. "धुराडं चुकलंय," त्या म्हणाल्या. "तीन दिवस झोप नाही मला. धुराडं तुम्ही मधोमध दाखवलंय. ते डावीकडे होतं, आणि वरच्या चार विटा नव्या होत्या, लाल. काढा बाहेर ते घर."

धुराडं सरकवलं, विटा लाल केल्या. बाईंनी छप्पर उचललं, आत बोट घातलं आणि जिन्यावरून एक-एक पायरी चढवलं. तिसऱ्या पायरीवर बोट थांबलं. कागदाची ती पायरी बाकीच्यांपेक्षा नखाच्या जाडीएवढी ठेंगणी होती.

"अगं सटवे," त्या एवढंच म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला.

ते घर टीव्हीवर बसलं. येईल त्याला बाई दाखवायच्या. दाखवायच्या कसल्या, छप्पर उचलून तासभर फिरवून आणायच्या. मग लोक लिबुशेच्या दाराशी यायला लागले. ज्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या त्याच विचारायच्या, आमचं आहे का हो तुमच्याकडे? तिच्याकडे असायचं. ते बघून जायचे, चुका सांगून जायचे. ती निमूटपणे लिहून घ्यायची.

एवढी माणसं बोलायला लागल्यावर गोष्ट वर जाणारच. सत्त्याहत्तरच्या वसंतात साहेबांनी तिला बोलावलं.

"खाणीच्या हद्दीतली मापं घरी नेता, असं कळलं."

"कागद माझा आहे. डिंकही माझा."

"आणि मापं कुणाची?"

"घरांची," लिबुशे म्हणाली.

तिचं हे उत्तर पुढं नव्या लुझनोवात जिन्याजिन्यांत सांगितलं गेलं. पण तेव्हा ते तिला महागात पडलं. दोन माणसं येऊन घरातले सगळे नमुने, बावीस घरं, तपासणीसाठी म्हणून खोक्यांत भरून घेऊन गेली. ती घरं परत आली नाहीत. त्या माणसांनी पेशकोवाबाईंचंही दार वाजवलं. बाईंनी चौदा नंबर कपडे धुवायच्या यंत्रात लपवलं होतं, वर दोन चादरी. ती माणसं फ्रिजच्या मागंसुद्धा बघून गेली. पुढं महिनाभर, न जाणो परत येतील म्हणून, बाईंनी कपडे हातानं धुतले आणि शेजारणीला सांगितलं की यंत्र बिघडलंय.

लिबुशेला मोजणीतून काढून कोठारात बसवलं. कामगारांना बूट आणि रेनकोट द्यायचे, सही घ्यायची. बारा वर्षं तिनं ते केलं. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा ती टेबलाशी नुसती बसून राहिली.

"घरं गेली," ती म्हणाली.

"घरं गेली, ती एकदा गेलीच होती," ओल्डा म्हणाला. "कागदावर उलगडलेली कुठायत?"

उलगडलेली घरं तळघरात होती. भिंतीला लावायच्या रंगीत कागदाच्या गुंडाळ्यांत आत गुंडाळून ठेवलेली. ती दोन माणसं त्यांच्यावर पाय देऊन पलीकडे गेली होती. ओल्डानं एक गुंडाळी खांद्यावर घेऊन वर आणली, टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवले. "चल," तो म्हणाला. "आता तर चुकाही माहीत आहेत."

दुसऱ्यांदा केलेली घरं पहिल्यांपेक्षा चांगली झाली. हे ती स्वतः म्हणायची, आणि ती सहसा स्वतःचं कौतुक करत नसे. गल्ली संपली, मग तिनं चौक घेतला, मग गिरणी, मग शाळा. एकोणनव्वद साली कम्युनिस्टांचं राज्य गेलं, साहेब बदलले, काही वर्षांनी आमच्या बाजूची खाण बंद झाली. तिला कुणी शिक्षा केली होती हे आठवणारी माणसंही निवृत्त झाली.

नव्व्याण्णव साली ओल्डा गेला. सकाळी बसथांब्यावर उभा होता, खाली बसला, तो उठलाच नाही. त्यानंतर लिबुशेनं पेन्सिल हातात धरली नाही. वर्ष गेलं, दोन गेली. मी तेव्हा नव्या लुझनोवच्या वाचनालयात होते. खाणीच्या खड्ड्यात पाणी सोडून तळं करायचं ठरलं होतं, आणि पाणी चढायच्या आत जुन्या गावाचं काहीतरी मांडावं असं आम्हाला वाटत होतं. मी तिच्याकडे गेले.

"नको गं पोरी," ती म्हणाली. "सगळी सुटत आलीयत. डिंक म्हातारा झाला, मीही झाले. चिकटवणारा तर गेलाच."

"चिकटवणारे मी आणते."

"कुठून?"

"वाचनालयात दर गुरुवारी पंधरा पेन्शनर येतात. वर्तमानपत्राची पानं एकमेकांच्या हातातून ओढतात. त्यांना दुसरं काय काम आहे?"

ती हसली नाही, पण पुढच्या गुरुवारी आली. सोबत एकच सुरी, ओल्डाचा कुंचला आणि सात नंबरचं सुटलेलं घर. निवृत्त पोस्टमास्तरांनी पहिल्याच दिवशी छपराची जीभ उलटी चिकटवली. लिबुशेनं त्यांना असं फैलावर घेतलं की मला वाटलं, ते परत यायचे नाहीत. ते पुढच्या गुरुवारी पावणेनऊलाच दाराशी उभे होते. हळूहळू लिबुशे परत माणसांत आली.

दोन हजार तीनच्या सप्टेंबरात प्रदर्शन लागलं. एक्केचाळीस घरं, मधल्या लांब टेबलावर कातडे गल्ली, ओढ्यासह. पेशकोवाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी आपलं चौदा नंबर स्वतः उचलून आणलं, स्वतः जागेवर ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या. कुणी बोट लावायला गेलं तर त्या काठी आपटायच्या.

तिसऱ्या दिवशी सीमेपलीकडून एक बस आली. सॅक्सनीतली म्हातारी जर्मन माणसं, इथं जन्मलेली, इथून लहानपणी घालवलेली. त्यांतली एक बाई गल्लीच्या टेबलाशी येऊन घरं मोजायला लागली आणि चौदाव्याशी थांबली. नाव एडेलट्राउट. तेरा वर्षांची असताना गेलेली. लहानपणी ओढ्याकाठी शिकलेली आमची भाषा तिला अजून मोडकीतोडकी येत होती.

"हे आमचं घर," ती म्हणाली.

"हे माझं घर आहे," पेशकोवाबाई म्हणाल्या.

वाचनालयातल्या पन्नास माणसांनी माना वळवल्या. मी पुढं व्हायला लागले. लिबुशेनं माझा दंड धरून मला थांबवलं. ती स्वतः गेली, चौदा नंबरचं छप्पर उचललं आणि स्वयंपाकघराची भिंत दाखवली. "बाई, ही भिंत एवढी जाड का होती? मी एकोणतीस वर्षं विचारतेय."

एडेलट्राउटनं चष्मा लावला, वाकून बघितलं. "इथं भट्टी," ती म्हणाली. "पाव भाजायची. आजोबांनी तोंड विटांनी बंद केलं. चौकात बेकरी आली, मग कशाला? भट्टीच्या शेवटच्या दिवशी आजीनं आलुबुखारांचा केक भाजला. मी छोटी होते, पण खाल्ला ते आठवतं. सगळ्या गल्लीनं खाल्ला."

पेशकोवाबाईंचं तोंड उघडं राहिलं. "भट्टी! अहो, मी तीस वर्षं माझं पीठ त्याच भिंतीशी फुगायला ठेवायचे. चूल विझली तरी ती भिंत ऊबदार राहायची, तिथंच फुगायचं. का, ते मला कधी कळलं नाही."

मग त्या काठी दोन्ही हातांत धरून खाली बघत राहिल्या. आणि अचानक, कुणी न विचारता, बोलल्या. "आम्ही आलो तेव्हा टेबलावर ताटं होती. मांडलेली. सहा."

"निळ्या काठाची," एडेलट्राउट म्हणाली.

"हो. मी एकवीस वर्षांची होते. माझ्याकडे एकही ताट नव्हतं. मी ती धुतली आणि आम्ही त्यात जेवलो. दोन फुटली. चार आहेत अजून."

एडेलट्राउटनं एक खुर्ची ओढली आणि पेशकोवाबाईंच्या शेजारी बसली. बस सुटायला अजून दोन तास होते. दोघी त्या कागदी घराच्या दोन बाजूंना बसून खोल्याखोल्यांतून फिरत राहिल्या. इथं माझा पलंग. इथं माझं शिवणयंत्र. या खिडकीतून मांजर यायचं. आमचंही इथूनच यायचं! लिबुशे मागं उभी राहून वहीत लिहून घेत होती.

पुढच्या सप्टेंबरात एडेलट्राउट एकटीच ट्रेननं आली आणि पेशकोवाबाईंच्या पाचव्या मजल्यावर राहिली. बाईंनी चारही ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवली होती. तिनं एक घेतलं, तीन परत फडताळात ठेवली. "तुम्ही जास्त वर्षं जेवलात त्यात," ती म्हणाली. पेशकोवाबाई जाईपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षं, ती दर वर्षी येत राहिली.

प्रदर्शन दोन आठवड्यांसाठी होतं. ते उतरवलंच नाही. वाचनालयाची मागची खोली आता त्याचीच आहे. लिबुशेनं सगळी घरं पुन्हा नीट काढली, छापून घेतली आणि ज्याला हवं त्याला देते. सॅक्सनीतून पत्रं येतात, प्रागहून येतात, एक तर ऑस्ट्रेलियातून आलं. आमची खिडकी हिरवी होती, कृपया दुरुस्त करा. ती दुरुस्त करते. चौदा नंबरच्या नव्या पानावर स्वयंपाकघराच्या भिंतीत भट्टी आहे, कमानीसकट.

आता ती चौऱ्याऐंशीची आहे. हात पूर्वीसारखा स्थिर नाही, म्हणून कापायचं काम आमचं. रेघा मात्र तिच्या. सध्या जुन्या गावाचं रेल्वे स्टेशन चाललंय. त्याचा नकाशा कुठंच सापडत नाही, फोटो तीनच, तेही अर्धवट. गेल्या गुरुवारी मी म्हटलं, प्रतीक्षागृहाला पाच खिडक्या धरू आणि पुढं जाऊ.

"धरू म्हणजे?" ती कडाडली. "सहा असतील तर?"

"पोस्टमास्तर पाच म्हणतात."

"पोस्टमास्तर आयुष्यात एकदा तरी गाडीच्या आधी पोचलेत का? त्यांनी प्रतीक्षागृह बघितलंय कधी?"

"मी सहा वर्षं त्याच स्टेशनवर टपाल उतरवलंय!" पोस्टमास्तर डिंकाची बाटली आपटत उठले. आणि मग खोलीतले अकराही जण एकदम खिडक्या मोजायला लागले.